बीबीसीने पुसून टाकलेले ‘डॉक्टर हू’ चाहत्यांनी नेमके कसे जपले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचे १९६० च्या दशकातले पुष्कळ भाग बीबीसीने स्वतःच नष्ट केले, तरीही त्या प्रत्येक भागाचा आवाज आज ऐकायला मिळतो आणि काहींचे चित्रही परत आले, हे चाहत्यांना कसे जमले, त्यात नशिबाचा वाटा किती, ते कायद्यात बसत होते का, आणि यापुढे आणखी काही सापडेल का. मी जुन्या ध्वनिफितींच्या दुरुस्तीचे काम करतो. माझ्याकडे येणारा माल बहुतांशी खासगी मैफिलींच्या स्पूल टेपचा असतो. परंतु घरगुती ध्वनिमुद्रणातून एखाद्या संस्थेचा हरवलेला ठेवा पुन्हा उभा करण्याचे याच्याइतके मोठे आणि इतके तपशीलवार नोंदलेले दुसरे उदाहरण मला माहीत नाही, म्हणून या मालिकेचा अभ्यास मी व्यवसायाचा भाग म्हणूनच केला आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. या प्रकरणाची गोष्ट बहुधा प्रेमाची म्हणून सांगितली जाते आणि प्रेम त्यात होतेच, परंतु प्रेमाने काही वाचत नाही. वाचवले ते काही चाहत्यांच्या हिशेबीपणाने, तारीख, भाग-क्रमांक, लांबी आणि प्रत कुठून कुठे गेली याच्या नोंदी ठेवण्याच्या त्यांच्या चिकट सवयीने, आणि त्यांच्यातल्या अनेकांना टेप, फिल्म व प्रक्षेपण यांचे तंत्र पोटापाण्यासाठी येत होते या गोष्टीने.

नष्ट होण्याची कारणे आधी समजून घेतली पाहिजेत, कारण ‘मूर्ख नोकरशहांनी ठेवा जाळला’ ही लोकप्रिय मांडणी अर्धवट आहे. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. भाग दोन इंच रुंदीच्या चित्रफितीवर मुद्रित होत, त्या फिती महाग असत आणि पुसून पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेल्या असत. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपण मोजक्याच वेळा आणि ठरावीक मुदतीतच करता येई. मुदत उलटली की नवा करार आणि नवे मानधन. पुढे रंगीत प्रक्षेपण आल्यावर कृष्णधवल भागांना घरात कुणी विचारेना. परदेशी विक्रीसाठी मात्र पडद्यावरचे चित्र १६ मिलिमीटरच्या फिल्मवर उतरवून घेत, कारण देशोदेशींच्या दूरचित्रवाणीचे तांत्रिक मानक वेगवेगळे असले तरी फिल्म सगळीकडे चाले. म्हणजे चित्रफिती अभियांत्रिकी विभागाकडे, विक्रीच्या प्रती बीबीसी एंटरप्रायझेस या व्यापारी शाखेकडे, आणि फिल्म ग्रंथालयाची जबाबदारी मूळ फिल्मवर झालेल्या कार्यक्रमांपुरती, अशी तीन टोकांना वाटणी झालेली होती. पहिल्याला वाटे की प्रत दुसऱ्याकडे असेलच, दुसऱ्याला वाटे की मूळ पहिल्याकडे आहे, आणि १९६७ ते १९७८ या काळात दोन्हीकडचा माल निकालात निघाला. पहिल्या सहा वर्षांतल्या २५३ भागांच्या मूळ प्रक्षेपण-चित्रफितींपैकी एकही आज शिल्लक नाही. जे दिसते ते सारे फिल्मवरच्या प्रतींमुळे. घरोघरी व्हिडिओ यंत्र येईल आणि लोक जुने कार्यक्रम विकत घेतील, हे त्या वेळी कुणाच्या हिशेबात नव्हते, आणि ते धरले नाही म्हणून त्या कारकुनांना दोष देणे मला पटत नाही. दोष द्यायचाच तर तिन्ही टोकांची एक यादी कुणी केली नाही, याला द्यावा.

ती यादी चाहत्यांनी केली. १९७६ मध्ये ‘डॉक्टर हू अॅप्रिसिएशन सोसायटी’ स्थापन झाली आणि तिच्या काही सभासदांनी प्रत्येक कथेची माहितीपत्रके तयार करायला घेतली : कोणता भाग कोणत्या दिवशी प्रक्षेपित झाला, दिग्दर्शक कोण, पात्रयोजना काय, कथानक काय. आज हे किरकोळ वाटेल, परंतु त्या काळी जुना भाग पुन्हा पाहण्याचा कोणताच मार्ग नव्हता, आणि स्वतः बीबीसीकडेही आपल्याजवळ यातले काय शिल्लक आहे याचे एकसंध उत्तर नव्हते. १९७८ मध्ये इयन लेव्हाइन हा चाहता बीबीसी एंटरप्रायझेसमध्ये पोहोचला, तेव्हा डॅलेक या यंत्रसदृश शत्रूंच्या पहिल्या कथेचे डबे विल्हेवाटीसाठी काढून ठेवलेले त्याला आढळले आणि त्याने ते थांबवले. हा गृहस्थ व्यवसायाने डीजे होता आणि दुर्मीळ रेकॉर्डींचा संग्राहक होता. ज्याला एकाच गाण्याच्या दोन छापांतला फरक कळतो, त्यालाच एका डब्यावरची चिठ्ठी पाहून त्याचे मोल कळते. त्याच सुमारास स्यू माल्डन यांची बीबीसीमध्ये संग्रहासाठी कार्यक्रम निवडण्याच्या पदावर नेमणूक झाली होती, आणि आतल्या या अधिकारी बाई व बाहेरचे हट्टी चाहते यांच्या जोडीने नाश थांबला. केवळ बाहेरून ओरडा करून हे झाले नसते, हे मुद्दाम नमूद करतो, कारण चाहत्यांच्या दंतकथांत आतल्या माणसांना सहसा जागा मिळत नाही.

आता आवाजाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. २०१३ मधल्या मोठ्या शोधानंतर चित्रासह गहाळ असलेल्या भागांची संख्या ९७ वर आली, आणि त्या सगळ्यांच्या सगळ्या भागांचा ध्वनी उपलब्ध आहे. तो बीबीसीच्या कपाटातून आलेला नाही. १९६० च्या दशकात शाळा-कॉलेजात असलेल्या काही मुलांनी प्रक्षेपण चालू असताना घरच्या स्पूल टेपरेकॉर्डरवर भाग मुद्रित करून ठेवले होते, आणि ही मुले एकमेकांना ओळखतही नव्हती.

बहुतेकांची पद्धत साधी होती : टीव्हीच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवायचा आणि घरच्यांना पंचवीस मिनिटे गप्प बसायला सांगायचे. अशा मुद्रणात खोलीचा घुमारा येतो, खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, स्वयंपाकघरातली भांडी येतात आणि शब्दांतली ‘स’, ‘फ’ यांसारखी अक्षरे बोथट होतात. कारण उच्च कंप्रता आधी त्या लहानशा स्पीकरने खाल्लेल्या असतात आणि उरल्यासुरल्या स्वस्त मायक्रोफोन खातो. एका किशोरवयीन मुलाने मात्र मायक्रोफोन बाजूला ठेवून टीव्हीच्या आतल्या ध्वनिमार्गालाच तार जोडली आणि थेट टेपरेकॉर्डरमध्ये आवाज घेतला. त्याच्या फिती इतक्या स्वच्छ निघाल्या की अनेक भागांसाठी आजही त्याच आधारभूत मानल्या जातात. हे करणे किती धोक्याचे होते हे सांगायला हवे. त्या काळच्या अनेक ब्रिटिश टीव्ही संचांत खर्च वाचवण्यासाठी विजेचा ट्रान्सफॉर्मर वगळलेला असे, त्यामुळे आतला धातूचा सांगाडा घरातल्या विजेच्या एका तारेला थेट जोडलेला असे. जोडणी उलटी झाली की तो सांगाडाच ‘जिवंत’ होई, आणि त्याला जोडलेला टेपरेकॉर्डरही. विजेच्या कामाचे अंग असलेला मुलगाच त्यातून धडपणे बाहेर पडू शकत होता; बाकीच्यांनी मायक्रोफोनवर समाधान मानले हे त्यांच्या आयांच्या दृष्टीने बरेच झाले.

या फिती पुढे मार्क एअर्स या ध्वनितज्ज्ञाच्या हाती आल्या. तो स्वतः चाहता, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस मालिकेला संगीतही दिलेला. एकाच भागाची दोन-तीन वेगवेगळ्या घरांतली मुद्रणे उपलब्ध असली, तर उत्तम मुद्रण कणा म्हणून घ्यायचे आणि जिथे त्यात खरखर आहे, शब्द तुटला आहे किंवा फीत बदलताना काही सेकंद निसटले आहेत, तिथे दुसऱ्या मुद्रणातला तेवढाच तुकडा बसवायचा, ही कामाची पद्धत. ऐकायला सोपी वाटते, परंतु प्रत्येक घरगुती यंत्राचा वेग किंचित निराळा असतो आणि एकाच फितीत सुरुवातीचा व शेवटचा वेगही सारखा नसतो, म्हणून आधी सर्व मुद्रणे एका वेगाला आणावी लागतात. आमच्या कामात अशा वेळी एक नको असलेली गोष्ट उपयोगी पडते : विजेची गुणगुण. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडेही वीज ५० हर्ट्झची असते, आणि ती बारीक घरघर फितीवर उमटलेली असते. डिजिटल रूपात ती ४९ वर दिसली तर फीत दोन टक्के संथ चालते आहे, असा निष्कर्ष निघतो. दुरुस्ती करणाऱ्याने गुणगुण सगळ्यांत शेवटी काढायची असते, आधी नव्हे. घाईने ‘साफ’ केलेल्या मैफिलींच्या फिती माझ्याकडे येतात तेव्हा हा आधारच नाहीसा झालेला असतो.

इथे मराठी वाचकाला ओळखीचे एक साम्य आहे. आपल्याकडेही मैफिलीतल्या गाण्याचा केवढा तरी ठेवा आकाशवाणीच्या नव्हे, तर रसिकांच्या घरच्या स्पूलांवर टिकला. त्या संग्रहांतली कोणती फीत उपयोगी ठरते, तर जिच्या खोक्यावर राग, ताल, साथीदार, स्थळ आणि तारीख लिहिलेली आहे ती. उत्तम गायनाची पण बिनचिठ्ठीची फीत अनेकदा कायमची अनाथ राहते. ब्रिटिश मुलांनीही खोक्यांवर कथेचे नाव आणि भाग-क्रमांक लिहिले होते, काहींनी तर श्रेयनामावलीही वहीत उतरवली होती.

चित्राचे काय, हा पुढचा प्रश्न. पूर्ण गहाळ असलेल्या अनेक भागांची स्थिरचित्रे उपलब्ध आहेत आणि त्यांचा उगम चाहत्यांत नसून एका धंद्यात आहे. जॉन क्युरा नावाचा छायाचित्रकार आपल्या घरी टीव्हीच्या पडद्यासमोर ३५ मिलिमीटरचा कॅमेरा लावून प्रक्षेपण चालू असताना दर भागाची साठ-सत्तर छायाचित्रे काढी आणि ती दिग्दर्शकांना व नटांना विकत असे. चित्रफीत सहज पाहायला मिळत नसे अशा त्या काळात दिग्दर्शकाकडे स्वतःच्या कामाचा पुरावा म्हणून एवढेच राही. अशा छायाचित्रांचा मोठा साठा पुढे कॅव्हरशॅम येथील बीबीसीच्या लेखी कागदपत्रांच्या संग्रहात मिळाला. परंतु माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण १९६४ मधल्या मार्को पोलोच्या सात भागांच्या कथेचे आहे. ती अनेक देशांना विकली गेली होती, तरीही २०१३ नंतरच्या हिशेबातही तिचा एक भागसुद्धा नव्हता. तिचा दिग्दर्शक होता वारिस हुसेन, लखनौला जन्मलेला आणि मालिकेची अगदी पहिली कथाही दिग्दर्शित केलेला तरुण. मालिकेची निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट हीसुद्धा तेव्हा तिशीच्या आतली. हुसेनने क्युराकडून घेतलेली छायाचित्रे जपून ठेवली होती आणि चाळीस वर्षांनी ती प्रकाशात आली. मात्र ती सातपैकी सहाच भागांची आहेत. चौथा भाग दुसऱ्या दिग्दर्शकाने केला होता. कोणती गोष्ट टिकेल हे तिच्या गुणवत्तेवर ठरत नाही, एका माणसाच्या कपाटावर ठरते, याचा इतका नेमका पुरावा क्वचित मिळतो.

काही हलती दृश्येही आहेत आणि त्यांचा मार्ग तर विलक्षण आहे. ऑस्ट्रेलियात मुलांच्या वेळेत दाखवण्यासाठी हे भाग घेतले, तेव्हा तिथल्या परिनिरीक्षण मंडळाने भीतिदायक वाटलेले तुकडे फिल्ममधून कापून काढले. नियमाप्रमाणे कापलेले तुकडे नोंद करून ठेवावे लागत. पुढे त्या प्रती नष्ट झाल्या आणि १९९६ मध्ये दोन चाहत्यांनी सरकारी अभिलेखागारात चिकाटीने शोध घेतला, तेव्हा हे तुकडे सापडले. म्हणजे काही कथांचे जे काही हलते चित्र आज शिल्लक आहे ते नेमके कात्रीने वगळलेले आहे : गळा आवळणे, किंकाळी, समुद्री फेसातून येणारा राक्षस. चाहत्यांना ते सापडले कारण त्यांनी विक्रीच्या नोंदींवरून कोणता देश कोणता भाग कधी घेऊन गेला हे ताडले होते आणि मग ‘तिथे कापले असेल तर कागद कुठे असेल’ असा सरळ कारकुनी प्रश्न विचारला होता. तसेच, मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ प्रथम साकारणारा नट विल्यम हार्टनेल याचे रूपांतर दुसऱ्या नटात, पॅट्रिक ट्राउटनमध्ये, होते तो १९६६ मधला प्रसंग मूळ भागात नव्हे, तर ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमाने १९७३ मध्ये उसना घेऊन दाखवला म्हणून शिल्लक आहे.

पूर्ण भाग परत आले त्यामागेही हाच कागदोपत्री माग आहे. परदेशी केंद्रांना प्रती देताना करारात अट असे : मुदत संपली की प्रत परत पाठवा, पुढच्या देशाला रवाना करा किंवा नष्ट केल्याचे प्रमाणपत्र द्या. एकच प्रत अशी देशोदेशी फिरे, आणि न्यूझीलंडमधल्या व ब्रिटनमधल्या चाहत्यांनी वर्तमानपत्रांतली कार्यक्रमपत्रके, परिनिरीक्षणाच्या नोंदी आणि विक्रीची पत्रे यांवरून या फिरतीचे तक्ते तयार केले. १९९१ च्या अखेरीस हाँगकाँगच्या एका वाहिनीकडून एका कथेचे चारही भाग मिळाले. १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये एका संग्राहकाकडे एक भाग निघाला. आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये जाहीर झाले की फिलिप मॉरिस या शोधकाला नायजेरियातल्या जोस येथील केंद्रात अकरा भागांच्या प्रती मिळाल्या, ज्यांपैकी नऊ तोवर गहाळ होते. मध्यंतरी १९८३ मध्ये दक्षिण लंडनमधल्या मॉर्मन पंथाच्या एका इमारतीच्या तळघरात दोन भाग सापडले, ते कुठल्याही तक्त्यात बसत नव्हते. तेवढे नशीब मी मान्य करतो.

हाँगकाँगच्या शोधावर एक टीप द्यावीशी वाटते. ती कथा, सायबरमेन या यंत्रमानवी शत्रूंच्या थडग्याची, पंचवीस वर्षे न पाहता सर्वश्रेष्ठ म्हणून गाजलेली होती. ती १९९२ मध्ये विक्रीला आली आणि लोकांनी डोळ्यांनी पाहिली, तेव्हा अनेक चाहत्यांचा उत्साह ओसरला. याउलट नायजेरियातून आलेली एक कथा आधी कंटाळवाणी समजली जाई, कारण तिचा उरलेला एकच भाग तिच्यातला सर्वांत संथ होता. पूर्ण पाहिल्यावर तिची गणना वरच्या रांगेत होऊ लागली. चाहत्यांची स्मृती कितीही दांडगी असली तरी ती पुरावा नव्हे, हे चाहत्यांनीच या निमित्ताने सिद्ध केले आणि प्रामाणिकपणे कबूलही केले.

तंत्राचा भाग आणखी एका ठिकाणी पाहण्यासारखा आहे. १९७० च्या दशकातले काही रंगीत भाग केवळ कृष्णधवल फिल्मवर उरले होते. १९९२ मध्ये त्यांतली एक कथा अशा रीतीने पुन्हा रंगीत केली गेली : अमेरिकेतल्या एका चाहत्याने १९७० च्या दशकात घरच्या व्हिडिओ यंत्रावर ती रंगीत मुद्रित केली होती, तिचे चित्र धूसर पण रंग शाबूत, त्यातला फक्त रंग घेऊन तो ब्रिटनमधल्या स्पष्ट कृष्णधवल फिल्मवर बसवला. हे करणारे लोक बीबीसीत अभियंते, संपादक म्हणून नोकरी करत होते आणि मालिकेचे काम फावल्या वेळात करत होते. पुढे याहून मोठी गोष्ट साधली. रंगीत प्रक्षेपण कृष्णधवल फिल्मवर उतरवताना रंगाचा संकेत गाळून टाकायला हवा होता, परंतु अनेकदा तो गाळलाच नव्हता, त्यामुळे फिल्मवर डोळ्यांना त्रासदायक अशा बारीक ठिपक्यांची जाळी उमटली होती. हे ठिपके म्हणजेच हरवलेला रंग आहे हे जाणून काही जणांनी एकत्र येऊन त्यांतून रंग उलगडणारी संगणकप्रणाली घडवली, आणि २०१३ मध्ये सहा भागांच्या एका कथेचे पाच भाग अशा रीतीने रंगीत होऊन बाहेर आले. पहिल्या भागात तेवढे ठिपके नव्हते; तो एका चाहत्याने हाताने रंगवला. एका कारागिराचे दुर्लक्ष चाळीस वर्षांनी दुसऱ्या कारागिराच्या कामी आले.

कायद्याबद्दल. लेखक व संगीतकार यांच्या हक्कांच्या दृष्टीने पाहिले तर घरची ती मुद्रणे परवानगीशिवाय केलेल्या प्रतीच होत्या, आणि चाहत्यांनाही ते माहीत होते. म्हणून त्यांच्यात एक अलिखित, पण कडक शिस्त निर्माण झाली. स्थिरचित्रे आणि घरचा आवाज जुळवून गहाळ भागांच्या ‘पुनर्रचना’ करणारा एक प्रसिद्ध गट त्या कधीही विकत नसे : तुम्ही कोरी कॅसेट आणि परतीचे टपालखर्च पाठवायचे, ते त्यावर उतरवून देत. पैसे घेतले की हा व्यवहार चोरी ठरेल आणि बीबीसीला डोळेझाक करता येणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. बीबीसीने खरोखरच डोळेझाक केली, आणि १९९२ पासून स्वतःच हे ध्वनिमुद्रण नटांच्या निवेदनासह अधिकृतपणे प्रकाशित करायला सुरुवात केली. ज्या प्रसंगांत कुणी बोलत नाही, नुसते दार उघडते किंवा कुणीतरी मागून येते, तिथे निवेदनाची गरज असते. पुढे २००६ पासून काही गहाळ भागांसाठी अॅनिमेशन तयार झाले, तेही याच घरगुती आवाजावर उभे आहे. म्हणजे चित्र स्टुडिओचे आणि ध्वनी एका शाळकरी मुलाच्या खोलीतला, अशी उलटीच वाटणी झाली.

माझ्या मते याचा मालिकेच्या पुढच्या इतिहासावर फारसा न चर्चिलेला परिणाम झाला. चित्राविना कथा ऐकण्याची सवय लागलेली ही पिढी १९८० च्या दशकात स्वतःची ध्वनिनाट्ये करू लागली. त्यांतलाच निकोलस ब्रिग्ज पुढे, मालिका १९८९ मध्ये बंद पडल्यावर १९९९ पासून अधिकृत परवान्याने ध्वनिनाट्ये काढणाऱ्या कंपनीचा एक आधारस्तंभ झाला, आणि २००५ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा डॅलेकांचा आवाजही त्याचाच होता. तिची सूत्रे हाती घेणारा रसेल टी. डेव्हिस लहानपणापासूनचा चाहता होता. चाहते निर्माते झाल्याने मालिका फार स्वतःच्याच आठवणींत गुरफटते, ही तक्रार मला काही अंशी रास्त वाटते. परंतु सोळा वर्षे पडद्यावर जवळजवळ काहीच नसताना तिचे लेखन, नट आणि तंत्र चालू ठेवणारे दुसरे कुणी नव्हते.

या संस्कृतीची काळी बाजूही आहे. प्रत आपल्याकडे आहे आणि इतरांकडे नाही, यातच मोठेपणा मानणारे लोक तिच्यात होते व आहेत. २०१३ च्या आधी आणि नंतर अफवांचे असे पेव फुटले की शोधकाला धमक्यांना आणि अपमानांना तोंड द्यावे लागले, आणि बनावट ‘शोध’ तर किती झाले याची गणती नाही. शिवाय फिल्म-संग्राहकांचे जग वेगळे आहे. त्यांतल्या पुष्कळांना या मालिकेत रस नाही, डब्यात काय आहे हे त्यांनी पाहिलेलेही नसते, आणि भंगारातून आलेली प्रत कागदोपत्री अजून बीबीसीची मालमत्ता ठरेल, या भीतीने ते पुढे येत नाहीत.

तेव्हा आणखी सापडेल का, याचे माझे उत्तर असे : परदेशी केंद्रे बहुतेक चाळून झाली आहेत, म्हणून जे असेल ते खासगी संग्रहांत असण्याची शक्यता अधिक. तिथे दोन अडचणी आहेत. १६ मिलिमीटरची फिल्म अॅसिटेटची असते. उष्ण व दमट हवेत तिच्यातून अॅसिटिक आम्ल सुटते, डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आक्रसते आणि मग ती यंत्रावर चढत नाही. जोसच्या प्रती चांगल्या राहिल्या त्याला ते गाव सुमारे १२०० मीटर उंचीच्या पठारावर आहे, हेही एक कारण असावे. दुसरी अडचण वयाची आहे, कारण त्या काळी फिल्म जमवणारे लोक आता सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांच्या पश्चात घरचे लोक डबे भंगारात देतात. म्हणून शोध घेणारे अनुभवी लोक आता मालकी हक्काचा वाद काढतच नाहीत. ते संग्राहकाला इतकेच सांगतात की फिल्म काही दिवसांसाठी द्या, आम्ही तिची उच्च दर्जाची प्रत काढून घेतो आणि तुमचा डबा तुम्हाला परत करतो. न्यूझीलंडमधला तो भाग याच बोलीवर मिळाला होता.